रदरफर्ड हेज : तिजोरीची किल्ली आणि मतपेटी

१८७७ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या सैन्याला पगार मिळत नव्हता. १ जुलै उजाडला, आर्थिक वर्ष बदलले, आणि सैन्याच्या खर्चाला संसदेची मंजुरीच नसल्यामुळे तिजोरीतून पगारापोटी एक डॉलरही काढता येईना. त्याच महिन्यात त्या देशात रेल्वे कामगारांचा न भूतो असा संप झाला. गावोगावी गोळीबार झाले, गाड्या जळाल्या, आणि बंदोबस्तासाठी याच बिनपगारी सैनिकांना धाडण्यात आले. वायव्येकडील डोंगराळ मुलखात नेझ पर्स जमातीच्या आदिवासींचा शेकडो मैल पाठलाग करणारे सैनिकही बिनपगारीच होते. रसद आणि चारा उधारीवर घेण्याची मुभा एका जुन्या कायद्याने दिलेली होती म्हणून पलटणींचे पोट भरले. पण घरी बायकामुलांना पैसे पाठवायचे तर अधिकाऱ्यांना पेढीवाल्यांकडून व्याजाने कर्ज काढावे लागले. नोव्हेंबर संपत आला तेव्हा कुठे पैसा मंजूर झाला. परचक्र आले नव्हते, तिजोरीही रिकामी नव्हती. दोन राजकीय पक्षांचे एका प्रश्नावर जमत नव्हते, एवढेच त्याचे कारण होते.

अमेरिकेत सरकारला टाळे लागल्याच्या बातम्या आपण अलीकडच्या काळात वारंवार वाचल्या. १९९५-९६ च्या हिवाळ्यात २१ दिवस, २०१८-१९ मध्ये ३५ दिवस आणि २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४३ दिवस तेथील केंद्र सरकारचे बरेचसे काम थांबले होते. लाखो कर्मचारी एकतर घरी बसले किंवा बिनपगारी राबले. विमानतळांवर रांगा लागल्या. आणि सामान्य माणूस दोन्ही पक्षांच्या नावाने बोटे मोडू लागला. जगातील सर्वांत श्रीमंत देशाला स्वतःच्या नोकरांचा पगार वेळेवर देता येऊ नये, याचे आपल्याला नवल वाटते. परंतु हा खेळ आजचा नाही. त्याचा पहिला मोठा डाव सुमारे दीडशे वर्षांपूर्वी खेळला गेला, आणि त्या डावात समोर बसलेल्या गृहस्थाचे नाव होते रदरफर्ड बर्चर्ड हेज, अमेरिकेचे एकोणिसावे राष्ट्राध्यक्ष. वॉशिंग्टन, लिंकन यांच्या पंक्तीत त्यांचे नाव कोणी घेत नाही. तरीही त्यांचे चरित्र राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावे असे आहे.

बालपण आणि शिक्षण

हेज यांचा जन्म ४ ऑक्टोबर १८२२ रोजी ओहायो राज्यातील डेलावेअर या गावी झाला. जन्माच्या सुमारे दहा आठवडे आधीच वडील वारले होते. मूल अशक्त होते. ते जगेल अशी आशा शेजारपाजाऱ्यांनाही नव्हती. आई सोफिया हिने त्याला आणि त्याची थोरली बहीण फॅनी हिला वाढविले. सोफियाचा अविवाहित भाऊ सार्डिस बर्चर्ड हा व्यापारात पुढे आलेला माणूस. या मामाने भाच्याच्या शिक्षणाचा सारा भार उचलला. मामाच्या आधाराने शिकून मोठी झालेली माणसे आपल्याकडेही घरोघर आढळतात, तेव्हा हा भाग आपल्या वाचकांना परका वाटू नये. फॅनी बुद्धिमान आणि वाचनवेडी होती. त्या काळी मुलींना महाविद्यालयाचे दरवाजे बंद असल्याने तिची सारी महत्त्वाकांक्षा भावावर केंद्रित झाली. १८५६ साली तिचा अकाली मृत्यू झाला तेव्हा आयुष्यातील सर्वांत जवळचे माणूस गेल्याचे दुःख हेज यांना झाले.

केनियन कॉलेजातून १८४२ साली ते वर्गात पहिले येऊन पदवीधर झाले आणि १८४५ साली हार्वर्डमधून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. काही वर्षे मामाच्या गावी वकिली केल्यावर ते सिनसिनाटी शहरात आले. ओहायो नदीच्या पलीकडे केंटकी राज्य, म्हणजे गुलामगिरीचा मुलूख. नदी ओलांडून पळून आलेल्या गुलामांना पकडून परत नेण्यासाठी मालकांची माणसे येत, आणि खटले उभे राहत. असे खटले चालविणाऱ्या वकिलांत तरुण हेज होते. १८५२ साली त्यांचा विवाह ल्यूसी वेब हिच्याशी झाला. ल्यूसी स्वतः पदवीधर होती आणि गुलामगिरीची कट्टर विरोधक होती. पतीचे विचार या बाबतीत ठाम होण्यास तिचा सहवास कारणीभूत झाला, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

रणांगण

१८६१ साली यादवी युद्ध पेटले तेव्हा हेज अडतीस वर्षांचे, मुलाबाळांचे गृहस्थ होते. घरी बसले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण ते ओहायोच्या तेविसाव्या पलटणीत मेजर म्हणून दाखल झाले. याच पलटणीत विल्यम मॅकिन्ले नावाचा एक पोरगेला शिपाई होता. तोही पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. १४ सप्टेंबर १८६२ रोजी साउथ माउंटनच्या लढाईत हेज यांच्या डाव्या हाताचे हाड गोळीने मोडले. अर्धवट तार मिळाल्यामुळे नवरा कोठे आहे हे न कळलेली ल्यूसी रुग्णालये पालथी घालीत फिरली आणि अखेर मेरिलंडमधील एका गावात तिने त्यांना शोधून काढले. चार वर्षांत हेज पाच वेळा जखमी झाले.

१८६४ साली त्यांच्या पक्षाने त्यांना काँग्रेसची, म्हणजे तेथील संसदेची, उमेदवारी दिली. प्रचारासाठी आघाडी सोडून यायला त्यांनी साफ नकार दिला. ते न येताच निवडून आले. काँग्रेसमध्ये ते संसदेच्या ग्रंथालय समितीचे अध्यक्ष होते आणि त्या ग्रंथालयाच्या वाढीसाठी त्यांनी चांगले काम केले. नंतर ते तीनदा ओहायोचे राज्यपाल झाले. वंशावरून मताधिकार नाकारता येणार नाही असे सांगणाऱ्या पंधराव्या घटनादुरुस्तीला ओहायोची मान्यता मिळावी म्हणून त्यांनी खटपट केली. ओहायोचे राज्य विद्यापीठ पुढे ज्या संस्थेतून वाढले तिची स्थापनाही त्यांच्याच कारकिर्दीत झाली.

वादग्रस्त सिंहासन

१८७६ साली रिपब्लिकन पक्षाने त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. समोर डेमोक्रॅट पक्षाचे सॅम्युअल टिल्डन होते. लोकांच्या प्रत्यक्ष मतांत टिल्डन यांना सुमारे अडीच लाखांची आघाडी मिळाली. परंतु अमेरिकेत निकाल लागतो तो राज्यवार निवडलेल्या निर्वाचकांच्या मतांवर. तेथे टिल्डन यांची १८४, हेज यांची १६५ आणि वादात सापडलेली २०, अशी स्थिती झाली. जिंकायला १८५ हवीत. वादग्रस्त मतांपैकी १९ दक्षिणेकडील फ्लॉरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलिना या तीन राज्यांतील होती. तेथे कृष्णवर्णीय मतदारांना बंदुकीच्या धाकाने मतदानापासून दूर ठेवले गेले होते आणि मतमोजणीतही दोन्ही बाजूंनी लबाड्या झाल्या होत्या.

हा पेच सोडविण्यासाठी १५ जणांचा आयोग नेमला गेला. त्यात पाच सिनेटचे, पाच प्रतिनिधिगृहाचे आणि पाच सर्वोच्च न्यायालयाचे सदस्य होते. प्रत्येक प्रश्नावर आयोगाने ८ विरुद्ध ७ असा, पक्षाच्या रेषेवर, कौल दिला. २ मार्च १८७७ च्या पहाटे १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताने हेज विजयी घोषित झाले. त्यांना हिणवण्यासाठी विरोधकांनी नावे ठेवली. त्यांच्या अंगी लबाडी नव्हती हे विरोधकही खासगीत मान्य करीत. पण ज्या गादीवर ते बसले तिच्या पायाखालची जमीन भुसभुशीत होती, हेही खरे.

डेमोक्रॅटांनी निकाल मुकाट्याने पत्करला त्याच्या मागे पडद्याआडच्या वाटाघाटी होत्या. दक्षिणेतील शेवटच्या दोन रिपब्लिकन राज्य सरकारांना आधार देणारे केंद्राचे सैन्य काढून घ्यावे, ही त्यातली मुख्य अपेक्षा. आणि येथेच तिजोरीची किल्ली प्रथम फिरली. प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटांचे बहुमत होते. दक्षिणेतील राज्य सरकारांच्या पाठीशी सैन्य उभे करता येणार नाही अशी अट त्यांनी सैन्याच्या खर्चाच्या विधेयकाला जोडली. रिपब्लिकन सिनेटने ती अट नाकारली. ३ मार्च १८७७ रोजी संसदेची मुदत संपली आणि विधेयक मधल्यामध्ये लटकले. सैन्याला पगार न मिळण्याची जी हकीकत आरंभी सांगितली, तिचे मूळ हे.

हेज यांनी एप्रिल १८७७ मध्ये कोलंबिया आणि न्यू ऑर्लिन्स येथील राज्य सरकारांच्या दारातले सैनिक हलविले. दक्षिणेतील नव्या राज्यपालांनी कृष्णवर्णीयांचे हक्क जपण्याची हमी दिली होती. तीवर विश्वास ठेवण्याखेरीज दुसरा मार्ग आपल्यापाशी नाही, असे त्यांना वाटले. ज्या सैन्याला खर्चाची मंजुरी नाही ते तेथे किती दिवस उभे ठेवणार, हा प्रश्नही होताच. हमी पाळली गेली नाही. १८७८ च्या निवडणुकीत साउथ कॅरोलिना आणि लुइझियाना येथे पुन्हा दहशत माजली, आणि त्या वर्षअखेरीच्या संदेशात हेज यांना ते संसदेपुढे मांडावे लागले. दक्षिणेतील लाखो माणसांना या भाबडेपणाची किंमत पुढे कित्येक पिढ्या मोजावी लागली. हेज यांच्या चरित्रावरचा हा सर्वांत मोठा डाग आहे आणि तो कोणत्याही सबबीने पुसता येत नाही.

सैन्याच्या पैशासाठी हेज यांना ऑक्टोबर १८७७ मध्ये संसदेचे खास अधिवेशन बोलवावे लागले. पुढच्या वर्षी सैन्याच्या खर्चाच्या विधेयकाला आणखी एक अट जोडून आली. कायद्याने स्पष्ट अधिकार दिल्याशिवाय सैन्याला पोलिसासारखे वापरता येणार नाही, असे तिच्यात म्हटले होते. हेज यांनी त्यावर सही केली. दोन वर्षांत दोनदा किल्ली फिरली आणि दोन्ही वेळा दार उघडले. तेव्हा तिसऱ्यांदाही उघडेल, असा विरोधकांनी हिशेब केला असल्यास त्यात काही आश्चर्य नाही.

१८७९ चा संघर्ष

१८७८ च्या निवडणुकीनंतर यादवी युद्धाच्या आधीच्या काळानंतर प्रथमच दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटांचे बहुमत झाले. त्यांना आता निवडणूक-संरक्षणाचे कायदे हवे होते, म्हणजे रद्द झालेले हवे होते. या कायद्यांप्रमाणे संसदेच्या निवडणुकीत केंद्राचे पर्यवेक्षक मतदान केंद्रावर बसत, मतदारयाद्या आणि मतमोजणी पाहत, आणि दंगा करणाऱ्याला केंद्राचे मार्शल अटक करू शकत. सैन्य हलविल्यानंतर दक्षिणेतील कृष्णवर्णीय मतदाराच्या हाती एवढाच आधार उरला होता.

डेमोक्रॅटांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. मतदानाच्या जागी सैनिक किंवा सरकारी अंमलदार उभा असणे हे स्वतंत्र देशाला शोभत नाही, असे ते म्हणत. हे अंमलदार सत्तारूढ पक्षाचेच कार्यकर्ते असतात, न्यूयॉर्कसारख्या शहरात ते उघड पक्षाचे काम करतात, हा त्यांचा आरोप सर्वस्वी खोटा नव्हता. शिवाय इंग्लंडच्या पार्लमेंटने राजाला वठणीवर आणले ते पैसा अडवूनच, असा इतिहासाचा दाखला ते देत.

पण कायदा रद्द करण्यासाठी वेगळे विधेयक आणले तर राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरणार, आणि तो मोडून काढायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते हवीत. तेवढी त्यांच्यापाशी नव्हती. तेव्हा त्यांनी ही कलमे खर्चाच्या विधेयकांना शेपटासारखी जोडली. सही केली तर कायदे गेले. सही नाकारली तर सैन्याला, न्यायालयांना आणि सरकारी खात्यांना पैसा नाही. मार्च १८७९ मध्ये संसदेची मुदत संपली तेव्हा सैन्याचे विधेयक आणि संसद, प्रशासन व न्यायखाते यांच्या खर्चाचे विधेयक ही दोन्ही मंजूर झालेली नव्हती. ३० जूनला आर्थिक वर्ष संपणार होते. हेज यांनी १८ मार्चपासून पुन्हा खास अधिवेशन बोलाविले.

आता काय होणार, याकडे सारा देश डोळे लावून बसला. दक्षिणेकडील काही सदस्यांनी सभागृहात उघड बजावले की युद्धकाळातील कायद्यांची शेवटची खूण पुसल्याशिवाय आम्ही थांबणार नाही. रिपब्लिकनांच्या बाजूने जेम्स गारफील्ड उभे राहिले आणि सरकारला उपाशी मारून कायदा बदलणे म्हणजे क्रांतीच होय, अशा आशयाचे घणाघाती भाषण त्यांनी केले. युद्ध संपून चौदा वर्षे झाली होती. ज्यांची मुले त्या युद्धात गेली त्या उत्तरेकडील घरांत या भांडणाने जुन्या जखमा उघड्या पडल्या. १८७३ पासूनच्या मंदीतून देश नुकता सावरत होता. व्यापाऱ्यांना आणि कामगारांना संसदेने धंदारोजगाराचे पाहावे असे वाटत होते, आणि संसद मात्र एकाच हट्टावर अडून बसली होती.

२९ एप्रिल रोजी हेज यांनी सैन्याचे विधेयक परत पाठविले. सोबतच्या संदेशात त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. पहिली अशी की संसदेची निवडणूक ही साऱ्या राष्ट्राची बाब आहे. ती निर्भय आणि शुद्ध ठेवण्याचा अधिकार राष्ट्राला असलाच पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी होती. पैसा मंजूर करण्याचा अधिकार प्रतिनिधिगृहाला आहे, पण त्या अधिकाराच्या जोरावर उरलेल्या दोन अंगांनी, म्हणजे सिनेटने आणि राष्ट्राध्यक्षाने, स्वतःची सदसद्विवेकबुद्धी गहाण ठेवावी अशी मागणी ते सभागृह करू लागले तर सारी सत्ता एकाच सभागृहाच्या हाती जाईल. इंग्लंडमध्ये पैसा अडविला जाई तो जन्माने राजा झालेल्याविरुद्ध. येथे राष्ट्राध्यक्षालाही लोकांच्या कौलानेच निवडलेले असते.

या युक्तिवादातील विसंगती विरोधकांच्या नजरेतून सुटणार नव्हती. लोकांची कमी मते मिळूनही, एका मताच्या फरकाने निवडून आलेला माणूस लोकांच्या कौलाचा दाखला देत होता. तरीही मुद्दा खोटा ठरत नाही. खरे सांगायचे तर स्वतःच्या निवडणुकीत काय घडले हे जवळून पाहिलेल्या माणसालाच मतपेटीच्या पहारेकऱ्याची किंमत अधिक कळली असावी.

सभागृहाने नकाराधिकार मोडून काढण्याचा प्रयत्न केला. दोन तृतीयांश मते जमली नाहीत. मग वेगळ्या शब्दांत तेच कलम आले. १२ मे, २९ मे, २३ जून, ३० जून, अशा तारखांना नकारामागून नकार गेले. त्या एका अधिवेशनात पाच. दर वेळी नवा शब्दच्छल, दर वेळी तीच शांत चिकाटी. हेज मोठे वक्ते नव्हते, त्यांना गर्जना करता येत नसे. पण त्यांच्या स्वतःच्या पक्षातील जे लोक दक्षिणेतून सैन्य काढल्याबद्दल त्यांच्यावर रुष्ट होते, तेही आता त्यांच्या मागे उभे राहिले. उत्तरेतील जनमत पक्के होत गेले. सरकार बंद पाडल्याचे खापर आपल्या माथी फुटणार हे डेमोक्रॅटांमधील जाणत्या मंडळींनी ओळखले. जूनच्या अखेरीस सैन्य आणि प्रशासन यांच्या खर्चाची विधेयके मुख्य अटी गाळून मंजूर झाली. सैन्याच्या विधेयकात मतदानाच्या जागी सैनिकांचा पोलिस म्हणून उपयोग करू नये एवढे कलम राहिले. त्याने निवडणुकीचे कायदे बदलत नाहीत म्हणून हेज यांनी ते स्वीकारले.

एका खात्याचा पैसा मात्र अडलेलाच राहिला, आणि तो मार्शलांचा. १ जुलैला संसद उठली ती त्यांच्या पगाराची तरतूद न करताच. हे लोक न्यायालयांचे समन्स बजावीत, कैदी नेत-आणत, आणि निवडणुकीच्या दिवशी बंदोबस्त ठेवीत. मोठ्यांच्या भांडणात नेहमी तळचा माणूस भरडला जातो, त्याचेच हे उदाहरण. पगार मागाहून मिळेल या भरवशावर त्यांनी काम चालू ठेवले. १८८० साली सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक-संरक्षणाचे कायदे घटनेला धरून आहेत असा निर्णय दिला. त्याच वर्षी हेज यांनी मार्शलांच्या बाबतीतील आणखी दोन विधेयके परत पाठविली. लोकांचा कौल तोवर दिसू लागला होता. १८७९ च्या शरद ऋतूत ओहायो आणि न्यूयॉर्क येथे रिपब्लिकन जिंकले आणि १८८० मध्ये गारफील्ड राष्ट्राध्यक्ष झाले.

इतर कार्य आणि अखेर

हेज यांची कारकीर्द या एकाच लढाईत संपत नाही. सरकारी नोकऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना वाटण्याची पद्धत तेथे रूढ होती. तिच्यावर त्यांनी घाव घातला. न्यूयॉर्कच्या जकात कचेरीतून चेस्टर आर्थर यांना त्यांनी दूर केले, तेही स्वपक्षाच्या बलाढ्य पुढाऱ्यांचा रोष पत्करून. दैवगती अशी की नोकरी न मिळाल्याने बिथरलेल्या एका माणसाने १८८१ साली गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली, आर्थर राष्ट्राध्यक्ष झाले आणि गुणवत्तेवर नोकरी देणाऱ्या १८८३ च्या कायद्यावर त्यांनीच सही केली. स्त्री वकिलांना सर्वोच्च न्यायालयात उभे राहता यावे असा कायदा १८७९ मध्ये हेज यांच्या सहीने झाला. चिनी मजुरांना बंदी घालू पाहणारे विधेयक त्यांनी त्याच वर्षी अडविले. पॅराग्वे आणि अर्जेंटिना यांच्यातील सीमातंट्यात त्यांनी पॅराग्वेच्या बाजूने निवाडा दिला. तेथील एक शहर आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. शरण आलेल्या नेझ पर्स लोकांना मात्र त्यांच्या मायभूमीत न धाडता दूरच्या उष्ण मुलखात नेण्यात आले, हेही त्यांच्याच कारकिर्दीतले.

आपण एकदाच हे पद भूषवू असे त्यांनी आधी जाहीर केले होते, आणि १८८१ साली ते शब्दाप्रमाणे घरी गेले. फ्रीमाँट येथील घरी राहून उरलेली बारा वर्षे त्यांनी शिक्षण आणि तुरुंगसुधारणा यांना दिली. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी असलेल्या स्लेटर निधीचे ते अध्यक्ष होते. या निधीने १८९२ साली एका तरुणाला बर्लिनला शिकायला पाठविले; पुढे समाजशास्त्रज्ञ आणि लढवय्ये विचारवंत म्हणून नावारूपाला आलेले डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस ते हेच. १८७७ साली जे हातून निसटले ते शाळेच्या वाटेने थोडे तरी परत द्यावे, असे हेज यांच्या मनात असेल काय? ल्यूसी १८८९ मध्ये गेली. १७ जानेवारी १८९३ रोजी हेज यांनी राहत्या घरी देह ठेवला.

तात्पर्य काय?

ज्या कायद्यांसाठी हेज एवढे झगडले ते त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १८९४ साली, रद्द झाले. संसद आणि राष्ट्राध्यक्ष दोन्ही डेमोक्रॅट होते. शेपूट जोडण्याची गरजच पडली नाही. दक्षिणेतील कृष्णवर्णीयाला मतपेटीजवळ केंद्राचे खरे संरक्षण मिळण्यास १९६५ साल उजाडावे लागले. मग हेज जिंकले की हरले? १८७९ चा डाव ते जिंकले, यात शंका नाही. पैसा अडवून कायदा बदलता येत नाही, हा पायंडा त्यांनी घातला. पण दक्षिणेतील मतदाराच्या घरापर्यंत तो विजय पोचला नाही, कारण त्याचा पहारा दोन वर्षांपूर्वीच उठला होता.

आपल्याकडे लोकसभेने सरकारला पैसा नाकारला तर मंत्रिमंडळाला जावे लागते, आणि नवे सरकार येईपर्यंत लेखानुदानाची सोय आहे. अर्थविषयक विधेयक राज्यसभा १४ दिवसांपेक्षा अधिक अडवू शकत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ठरल्या मुदतीपर्यंत पदावर, संसदही ठरल्या मुदतीपर्यंत जागेवर; कोणीच पडत नाही. जी पडते ती कर्मचाऱ्याच्या घरची चूल. १८८४ च्या एका कायद्याने मंजुरीवाचून खर्च करणे आणखी आवळले गेले. १९८०-८१ साली तेथील महान्यायवाद्यांनी त्या कायद्याचा कडक अर्थ लावला की जीवित आणि मालमत्ता यांच्या रक्षणापुरते काम सोडून बाकी कचेऱ्या बंदच केल्या पाहिजेत. तेव्हापासून १८७९ चे जुने हत्यार अधिक धारदार झाले. आता दोन्ही पक्ष ते पाळीपाळीने उपसतात. कधी आरोग्य विम्यासाठी, कधी सीमेवरच्या भिंतीसाठी. दोघेही तत्त्वाचे नाव घेतात.

अशा वेळी वैतागलेला नागरिक सारेच एका माळेचे मणी म्हणून मोकळा होतो. त्याचा वैताग रास्त आहे, पण १८७९ साली लोकांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले होते. कोणाला काय हवे आहे, आणि ते सरळ मार्गाने मागण्याची सोय असताना पगार का अडविला जात आहे, असे त्यांनी विचारले, आणि उत्तर पाहून मत दिले. ताणाताणी करणाऱ्या दोन बाजू नेहमी सारख्याच दोषी नसतात. दर वेळी तपासून पाहावे लागते. ते तपासायला थोडा इतिहास लागतो, आणि म्हणूनच मागच्या पानांत हरवलेल्या या राष्ट्राध्यक्षाची ओळख आपल्या वार्षिकाच्या वाचकांना करून द्यावीशी वाटली.